आधी फूल, मग खोली

आमच्या घरमालकाला अख्खं बुऱ्हाणपूर चक्रम म्हणायचं. माझ्यासमोर मात्र कुणी म्हणायचं नाही. परवा भाचीच्या लग्नात आमच्या बुधवारा मोहल्ल्यातलाच एक म्हातारा भेटला आणि हसत हसत म्हणाला, "तुम्ही त्या शिट्टीवाल्याच्या घरी राहायच्या ना? बडा सनकी माणूस होता." मी जेवणाचं ताट बाजूला ठेवलं आणि त्याला असं काही सुनावलं की भाची शालू सावरत धावत आली. या वयात मावशीनं इतकं चिडू नये, असं घरात सगळ्यांचं मत आहे. असू दे. चिडावं अशाच गोष्टी मी पाहिल्या आहेत आणि त्या पाहून न चिडणाऱ्यांचंच मला नवल वाटतं.

मुलींच्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून मी जळगावाहून आले, तेव्हा या शहाण्यासुरत्या गावानं मला कसं वागवलं? एकटी बाई, लग्न झालेलं नाही, खोली मागते, एवढं ऐकलं की दार बंद. एकानं जात विचारली, मग पोटजात, मग वडील काय करतात, मग लग्न का राहिलं. एका बाईनं तर "भाऊ सोबत राहणार असेल तर बघू" असं सांगितलं. भाऊ मला धाकटा होता, शाळेत जात होता. त्याला माझा पहारेकरी म्हणून आणायचं! शेवटी बुधवाऱ्याच्या मागच्या गल्लीत एका फाटकापाशी उभी राहिले. आत एक उंच, हाडकुळा माणूस झाडांना पाणी घालत होता. धोतर, त्यावर रेल्वेचा काळा कोट, तोही भर उन्हात, आणि गळ्यात दोरीला शिट्टी. जन्मभर मालगाडीवर गार्ड होता. नोकरी संपली तरी कोट आणि शिट्टी काही सुटली नव्हती.

मी खोलीचं विचारलं. त्यांनी जात विचारली नाही, भाऊ विचारला नाही. म्हणाले, "फूल कोणतं आवडतं?"

मी गोंधळले. तोंडात आलं ते सांगून टाकलं, "गुलाब."

"क्यों?"

"वास छान असतो."

"वास साबणालाही असतो. झूठ नको बाई. घरी जा, सोचून या."

आता घरी कुठं जाणार? घरासाठीच तर आले होते! गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि इतकी संतापले की तशीच उलट्या पावली आले. फाटक धाडकन ढकललं आणि म्हटलं, "गुलबक्षी! आवडते मला गुलबक्षी. काय करायचं ते करा."

"का?"

"चार वाजता उमलते म्हणून. बाकीची सगळी फुलं पहाटे फुलतात. तेव्हा मला पाणी भरायचं असतं, डबा करायचा असतो, शाळा गाठायची असते. त्यांच्याकडे बघायला फुरसत कुणाला? ही एकटी माझी शाळा सुटेपर्यंत थांबते."

त्यांनी कोटाच्या खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. भाडं किती ते मलाच विचारावं लागलं. आठवड्याच्या आत माझ्या खिडकीखाली गुलबक्षीची रोपं लागली होती. तिथं प्रत्येक भाडेकरूच्या खिडकीखाली त्याचं त्याचं फूल असायचं.

मालगाडीचं नशीब असं की मेल आली की हिला बाजूच्या रुळावर ढकलायचं. छोट्या छोट्या स्टेशनांवर तासन् तास सिग्नलची वाट बघण्यात काकांची, म्हणजे आमच्या घरमालकांची, सगळी नोकरी सरली होती. दुसरे गार्ड झोपा काढायचे. काका स्टेशनमास्तरच्या बागेत उतरून बी गोळा करायचे. त्यामुळे बागेतल्या प्रत्येक झाडाला स्टेशन होतं. ही भुसावळची कर्दळ, ही हरद्याची सदाफुली, ही खंडव्याची तगर. माणसांचंही तेच. मी 'जळगाव'. "जळगाव, चाय झाला का?" असं सकाळी अंगणातून ओरडायचे. शाळेच्या मुख्याध्यापिका भेटायला आल्या होत्या, त्यांना वाटलं की जळगावाहून कुणी पाहुणे आलेत.

पहिली शेवंती उमलली की काका शिट्टी मारायचे. मग जेवत असा, न्हात असा, सगळ्यांनी बाहेर यायचं. नुसतं यायचं नाही, बघायचं. "छान आहे हो" म्हणून वळलेल्या माणसाला ते कोपराला धरून परत उभं करायचे. "काय छान आहे? सांगा ना. पाकळी बघितली? देठ बघितला? की नुसतं म्हणायचं म्हणून?" लोकांना फूल आवडतं ते फुलामुळे नाही, ते कधी भेटलं त्यामुळे, असं त्यांचं ठाम मत होतं. ज्याला 'का' सांगता येत नाही त्याचं आवडणं ऐकीव. शेजारच्या बायका पूजेला कळ्या खुडायला आल्या की यांचा पारा चढायचा. "कळी तोडता? देवाला घाई नाही, तुम्हाला आहे! उमलू द्या, देव बसलाय तिथंच." मग बायका नाक मुरडत जायच्या आणि गल्लीभर सांगायच्या की म्हातारा नास्तिक आहे.

नास्तिक होते की नाही मला ठाऊक नाही. पण गावात दर सणाला पाट्या भरभरून फुलं तुडवली जायची, आणि त्याचं वाईट वाटणारा हा एकच माणूस होता. तो चक्रम आणि बाकीचे भाविक. वा रे न्याय!

नवं राज्य व्हायचं होतं त्या वर्षी, छप्पन साली, एक जोडपं राहायला आलं. नवरा कचेरीत कारकून, खंडव्याचा. बायको देडतलाईकडच्या शेतकऱ्याची मुलगी, उन्हाळ्यात लग्न झालेली, सतरा-अठराची असेल. काकांनी आधी नवऱ्याला विचारलं. त्यानं रुबाबात सांगितलं, "कमळ."

"कुठं पाहिलं?"

"लक्ष्मीच्या तसबिरीत."

"तुमचं झालं. आता घरवाली बोलेल."

ती पदराआडून म्हणाली, "यांले आवडंल थे."

काकांनी तिथंच शिट्टी फुंकली. बिचारी दचकून मागं सरकली. "यांना विचारलं का मी? यांचं होऊन गेलं. तुम्हाला काय आवडतं?" नवरा म्हणाला, "अहो, ती काय सांगणार, खेड्यातली आहे." काका त्याच्याकडे पाहीनात. ती रडायला लागली. मी मध्ये पडणार तेवढ्यात ती रडता रडताच म्हणाली, "गुलतेवडी."

गुलतेवडी म्हणजे आपला तेरडा.

"का?"

"संजाले लागते."

आणि मग ती बोलत सुटली. पितृपक्षात रोज संध्याकाळी कुमारिका भिंतीवर शेणाची संजा, म्हणजे त्यांची देवी, मांडतात. आज चांद-सूर्य, उद्या पंखा, परवा सोंगटीचा पट. ओल्या शेणात फुलांच्या पाकळ्या दाबून बसवायच्या. लाल गुलतेवडी संजाच्या घागऱ्याला, पांढरी चांदाला, गुलाबी कुठं कुठं. आणि अमावास्येला शेवटचा किलाकोट, अख्खी भिंत भरून, त्यात सगळीच फुलं. "यंदाची माही शेवटची हाय," ती म्हणाली. "लगीन झालेल्या पोरीनं पैल्या साली उद्यापन कराचं. किलाकोट मांडला का झालं. मंग जन्मात पुन्हा हात लावाचा नाई."

काकांनी किल्ली तिच्या हातात दिली, नवऱ्याच्या नव्हे. नावाचा मात्र प्रश्न पडला. "देडतलाईला स्टेशन नाही. बिना स्टेशनचं नाव मी घेत नाही. तुम्ही चांदनी." चांदनीला स्टेशन होतं, गाडी थांबायची. तिला ते नाव आवडलं. नवरा तिला 'ए' म्हणायचा.

पावसाच्या सुरुवातीला काकांनी तिच्या खिडकीपासून फाटकापर्यंत गुलतेवडीची ओळ लावली. जिथून जिथून बी मिळेल तिथून रंग आणले. पितृपक्ष लागला आणि संध्याकाळी अंगण मुलींनी भरायला लागलं. कुणाला फुलाला हात लावू न देणारा हा माणूस त्यांच्यासाठी मात्र ओळीच्या कडेला उभा राहायचा. कारण त्या पोरींना 'का' माहीत असायचं. "काका, ही लाल द्या, हिचा घागरा करायचाय." काका मान हलवायचे, ती पोर अलगद खुडायची. किलाकोटासाठी मधला मोठा पट्टा राखून ठेवला होता, त्याला कुणी बोट लावायचं नाही. चांदनी शेण कालवायची, कोपरापर्यंत हात माखलेले, आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच गायची. एरवी त्या खोलीतून तिचा आवाज कधी ऐकू यायचा नाही.

माझ्या शाळेतल्या मुलीही यायच्या. त्या भुलाबाईवाल्या, घरी भुलाबाईची गाणी म्हणायच्या, पण खिरापत ओळखायचा खेळ दोन्हीकडे सारखाच, मग त्यांना काय अडचण? अडचण मोठ्यांना. मुख्याध्यापिकेनं मला बोलावून विचारलं, "आपल्या मराठी मुली हिंदीवाल्यांची संजा का मांडतात?" नागपूर मुंबईकडे जाणार, आम्ही भोपाळकडे राहणार, म्हणून त्या वर्षी ज्याला त्याला हद्द आखायची हौस आली होती. पोरींच्या शेणातसुद्धा हद्द! मी म्हटलं, "भिंत माझ्या मालकाची आहे, त्यांना विचारा." त्या विचारायला आल्या नाहीत.

आणि मंत्र्यांचं यायचं ठरलं. तेही नेमकं अमावास्येला, दुपारच्या गाडीनं. स्वागत समिती झाली. तिचे अध्यक्ष एक वकीलसाहेब, ज्यांना माळा घालायची आणि घालून घ्यायची फार आवड. ते चारजणांना घेऊन बागेत आले आणि फुलं मोजल्यासारखे चहूकडे बघायला लागले.

"मंत्र्यांना कोणतं फूल आवडतं?" काकांनी विचारलं.

"त्यांना काय, कोणतंही चालतं."

"मग कोणतंही आणा. माझं नको."

"अहो, नव्या राज्याचं स्वागत आहे! तुमच्या बागेचा सन्मान आहे."

"राज्य फुलांसाठी थांबलंय का? ते येणारच आहे. ही फुलं पोरींच्या किलाकोटाची आहेत. या चांदनीचं उद्यापन आहे परवा."

वकीलसाहेब हसले. "शेणात घालण्यासाठी मंत्र्यांना नाही म्हणता?" सोबतचे चौघेही हसले. दारात उभा असलेला आमचा कारकूनही हसला, ते मी पाहिलं.

जाताना वकीलसाहेब त्याच्याशी फाटकाबाहेर बराच वेळ बोलले. नव्या राज्यात कुणाची बदली दूर रेव्याला, कुणाची सरगुज्याला होणार अशा बातम्या कचेरीत रोज येत होत्या, आणि तो त्या धास्तीनं अर्धा झाला होता. त्याची धास्ती मला समजते. पुढं त्यानं केलं ते मात्र मला आजही समजत नाही.

काका पहाटे राजघाटावर अंघोळीला जायचे. अमावास्येला ते गेले आणि यानं मागचं दार आतून उघडून दिलं. मी वेणी घालत होते, अंगणात पावलं वाजली म्हणून बाहेर आले तर सगळं आटोपत आलेलं. पाट्या भरलेल्या. गुलतेवडीचं झाड नाजूक, पाण्यानं भरलेलं, खुडताना नीट धरलं नाही तर मुळासकट हातात येतं. अर्धी ओळ उपटून पडली होती. शेवंतीच्या वाटाण्याएवढ्या हिरव्या कळ्यासुद्धा ओरबाडल्या होत्या, आणि माझी गुलबक्षी, जी ऊन चढलं की मिटते, तीही! अक्कल तरी असावी चोरांना. मी एका पाटीला धरलं. त्या माणसानं हिसका दिला आणि मी पडता पडता वाचले. कारकून दार धरून उभा होता. म्हणाला, "बाई, तुमचं काय जातंय?"

चांदनी तिच्या दारात उभी होती. हातात ताज्या शेणाची परात. ती परात घेऊन उभीच राहिली.

काका ओल्या धोतरानं आले. त्यांनी फाटकापासून खिडकीपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता शिट्टी, आता आरडाओरडा. काही नाही. कोट चढवला, बटणं वरपर्यंत लावली आणि म्हणाले, "जळगाव, तुमच्या शाळेच्या पोरी स्टेशनावर जाणार ना?"

"हो."

"तिथंच भेटू."

लालबागच्या, म्हणजे आमच्या गावच्या स्टेशनावर आम्ही मुलींना कागदी झेंडे देऊन उन्हात ताटकळत उभं केलं होतं. गाडी आली. मंत्री उतरले, समितीनं माळा घातल्या, कानापर्यंत घातल्या. आणि त्यांनी काय केलं? काय करणार, सगळे करतात तेच! एक माळ गळ्यात पडली की काढून मागच्या शिपायाला द्यायची, दुसरी पडली की काढून द्यायची. शिपाई त्या सामानाच्या हातगाडीवर टाकत होता. ज्यासाठी ती बाग उजाड केली ती माळ मान वळवायच्या आत ट्रंकांवर पडलेली. माझं डोकं फिरलं. मी पुढं सरकणार तोच काळा कोट दिसला.

काका हातगाडीपाशी गेले आणि माळा उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकायला लागले. शांतपणे, एकेक. पोलीस धावला. वकीलसाहेब घामाघूम होत आले, "अहो, काय तमाशा लावलाय?"

"तमाशा तुमचा. माल माझा. चोरीला गेला होता, उतरवून घेतोय."

मंत्र्यांनी मागं वळून पाहिलं, त्यांना वाटलं कुणी गरीब भक्त प्रसाद घेतोय. हसून म्हणाले, "ले जाने दीजिए भाई." मग वकीलसाहेबही हसले. सगळा प्लॅटफॉर्म हसला. त्या हसण्याचा राग मी इतकी वर्षं जपलाय आणि मला तो सोडायचाही नाही.

मुलींना तिथूनच सुट्टी झाली. काकांनी मला टांग्यात बसवलं. घरापर्यंत ते दोऱ्यातून फुलं सोडवत होते, मांडीवर रंग वेगळे करत होते. "ही लाल घागऱ्याला. ही पांढरी थोडी दबली, पण चांदाला चालेल. काय जळगाव, होईल ना किलाकोट?" मी म्हटलं, होईल. मला खरोखरच वाटलं की जिंकलो आपण. रस्त्यात लोक माळा घातलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून ओरडत होते, "काका, निवडून आलात का?" काकांना ऐकूही येत नव्हतं.

अंगणात पोरी जमल्या होत्या. भिंत सारवून तयार होती. काकांनी धोतराच्या ओच्यातली फुलं चांदनीसमोर ओतली. एकीही पोर पुढं आली नाही. सगळ्या चांदनीकडे बघायला लागल्या.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

ती खाली बघून म्हणाली, "बाबा, ही उतरेल फुलं हायेत. मानसाच्या गळ्यातून उतरेल. संजाले चालत नाई."

काकांचा चेहरा मी तेव्हा पाहिला तो तसा पुन्हा कधी पाहिला नाही. देठ, पाकळी, वेळ, ऋतू सगळं ठाऊक असलेल्या माणसाला एवढं ठाऊक नव्हतं. त्यानं कधी कुणाला फूल वाहिलंच नव्हतं, तर उतरलेल्या फुलाचं काय होतं ते त्याला कुठून कळणार? ते पायरीवर बसले. ओंजळ तशीच उघडी.

पोरी घरोघर पळाल्या. गल्लीत एकाही कुंडीत फूल शिल्लक नव्हतं, सगळी समितीनं नेली होती. संध्याकाळ व्हायला आली. चांदनीनं पदर खोचला आणि उपटलेल्या झाडांची पानं तोडायला लागली. पोरींनीही तेच केलं. किलाकोट पानांचा झाला. मी ही गोष्ट कुणाला सांगितली की लोक म्हणतात, अहाहा, हिरवागार किती सुंदर दिसला असेल. नाही दिसला. भकास दिसला. शेणात हिरवी पानं दिसतच नाहीत, उन्हात सुकलेली तर मुळीच नाहीत. कुठं दरवाजा, कुठं संजाची गाडी, काही कळत नव्हतं. पोरी गायल्या, पण चांदनीचा आवाज त्यात नव्हता.

आरती होत होती तेव्हा नवरा आला. शर्टावर गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा. खुशीत होता. बदली टळली होती, वकीलसाहेबांनी चारचौघांत शब्द दिला होता. भिंतीकडे त्याची नजर गेली, मग काकांकडे, मग आम्हा सगळ्यांकडे.

"असे तोंडं पाडून काय बसलात?" तो म्हणाला. "फुलंच होती ना? पुढच्या महिन्यात शेवंतीनं बाग भरून जाईल."

काकांनी मान वर केली. आता ते बोलतील म्हणून मी वाट पाहिली. बोलली ती चांदनी. आवाज चढवला नाही, भिंतीवर पानं दाबणारे हातही काढले नाहीत.

"शेवंती फुलंल," ती म्हणाली. "मी पुन्हा कुवारी होईन का?"